डाळ निजवणारी पेटी

मित्रांनो, उभे का राहिलात? बसा. माझ्यावरच बसा. तिघे जण आरामात मावतात आणि थोडे अंग चोरले तर चौथाही मावतो. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. बसल्यावर खालून जराशी ऊब लागेल, तिने दचकू नका. ती कशाची आहे ते पुढे कळेलच. फक्त एक अट आहे. माझी गोष्ट संपेपर्यंत कुणी उठायचे नाही. ही अट मी उगाच घालत नाही, तिला कारण आहे आणि तेही मी लपवून ठेवणार नाही.

पेटी होण्याआधी मी नुसत्या फळ्या होते. एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आम्ही अकरा फळ्या होतो. शिवून, डिंक लावून झालेली ओली पुस्तके आमच्या मध्ये ठेवायची, वरचे लोखंडी चाक फिरवून घट्ट दाबायची आणि वाळेपर्यंत विसरून जायचे, हे आमचे काम. गप्प राहणे, वजन सोसणे आणि पोटात काय चालले आहे ते कुणाला न सांगणे, या सवयी मला तिथेच लागल्या. पुढे त्या फार उपयोगी पडल्या.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली होती. खिडक्या उंचावर होत्या, त्यामुळे ऊन टेबलांवर न पडता भिंतीवरूनच हळूहळू सरकत जाई. एका टोकाला कागद कापायचे यंत्र, मध्ये शिलाईची टेबले आणि दुसऱ्या टोकाला एक भिंत. त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होते. कारखान्यातली अठ्ठावीस माणसे दुपारी एकत्र जेवत आणि त्यांचा स्वयंपाक मावशी करायची. ती नेमकी कुणाची मावशी, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मालकसुद्धा तिला मावशीच म्हणत. तिचे यजमान आमच्या कारखान्यात सुतार होते. आम्हा फळ्यांना रंधा मारायचा, दाबयंत्राचे दांडे नीट करायचे, ही त्यांची कामे. त्यांना सगळे काका म्हणत.

मावशी रोज मसूर शिजवायची. सालीसकट, अख्खा. कारखान्यात त्याला सगळे डाळच म्हणत, म्हणून मीही डाळच म्हणेन. डाळ, पाव आणि कांदा, असे साधे जेवण होते, पण घंटा व्हायच्या आधीच सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागत. सकाळी आल्या आल्या मावशी चूल पेटवायची, ती थेट दुपारी विझायची. तिचा एक ठाम समज होता की डाळीवरून नजर काढली की ती हट्टाला पेटते. म्हणून दर थोड्या वेळाने ती पातेल्याचे झाकण काढायची, एक दाणा बोटांत चेपून पाहायची, मान हलवायची आणि आणखी एक लाकूड आत सारायची.

धूर भरपूर व्हायचा. अर्धा धूर खिडकीतून जाई आणि उरलेला मावशीच्या छातीत. तिचा खोकला भिंतीपलीकडेही ऐकू येई. आधी कोरडा, मग लांब, मग असा की शिलाई करणारे सुई थांबवून वाट बघत. खोकला थांबला की सुया पुन्हा चालू होत. डॉक्टरांनी मावशीला धुरापासून लांब राहायला सांगितले होते, पण हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. काकांना ठाऊक होते, कारण डॉक्टरांकडे त्यांनीच तिला हाताला धरून नेले होते.

एका वर्षी कारखान्यात नकाशांची मोठी पुस्तके बांधायला आली. पानभर पसरलेले निळे समुद्र, कडेला पांढरा कागद. मालकांचा त्या कागदावर पोटच्या लेकरासारखा जीव होता. एक दिवस ते हातात एक पान घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. भिंतीच्या फटीतून काजळी उडून पानावर बसली होती.

"मावशी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या समुद्रात बेटं उगवलीत."

मावशीने पान पाहिले. खरेच, निळ्या पाण्यात सात-आठ काळी बेटे होती आणि त्यांतले एकही बेट जगात कुठे नव्हते. मालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही, पण महिना संपताना स्वयंपाकघर बंद होईल, एवढे सांगून ते गेले. माणसे आपापले जेवण बाहेरून आणतील, असेही म्हणाले. मावशीचे काय, ते मात्र बोलले नाहीत.

त्या दिवशी काका आम्हा फळ्यांना रंधा मारत होते. मावशी त्यांच्याजवळ येऊन बसली. डॉक्टर आणि मालक दोघांचे म्हणणे एकच आहे, असे ती म्हणाली. दोघांनाही धूर नको आहे. पण चूल गेली तर तिने काय करायचे? अठ्ठावीस माणसे जेवताना बघायची, कुणाला आज भूक नाही, कुणाचे घरी बिनसले आहे, हे त्यांच्या ताटांवरून ओळखायचे, एवढेच तिला येत होते आणि एवढ्यावरच तिचा जीव होता. काकांनी नुसता तिच्या पदरावरचा लाकडाचा भुसा झटकला.

याच सुमारास त्यांची लेक सुट्टीवर घरी आली. ती दूरच्या एका प्रयोगशाळेत माती तपासायचे काम करायची. आईचा खोकला तिने ऐकला, कारखान्याच्या अंगणातला लाकडांचा ढीग पाहिला आणि काकांच्या कामाच्या जागी येऊन खडूचा तुकडा मागितला. तेव्हा सगळ्यांत वर मी होते, म्हणजे आज जी माझ्या झाकणाची फळी आहे ती. तिने माझ्यावर एक लहानसे पाऊल काढले, तान्ह्या बाळाचे असते तेवढे.

जेवणाचे प्रत्येक ताट जमिनीवर, पाण्यावर आणि हवेवर पाऊल टाकून आपल्यापर्यंत येते, असे तिने सांगितले. कुणाचे पाऊल मोठे, खोल रुतणारे. डाळीचे एवढेसेच. मसूर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो, पाणी फार मागत नाही. खतही फार मागत नाही. उलट शेत सोडून जाताना मातीला थोडे खाऊ घालूनच जातो. मावशी ऐकता ऐकता सुखावली. आपण रोज इतकी गुणी वस्तू रांधतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

मग लेकीने त्या चिमुकल्या पावलाभोवती एक भलामोठा जोडा काढला.

"आणि हा जोडा आपण तिला घालतो," ती म्हणाली. "टाचेकडचा भाग आपल्या चुलीचा. सकाळपासून दुपारपर्यंतचा जाळ. आणि पुढचा भाग उष्ट्याच्या बादलीचा."

मावशीचा चेहरा उतरला. सगळे खापर आता आपल्याच डोक्यावर फुटणार, असे तिला वाटले आणि तिने तसे बोलूनही दाखवले. लेक हसली. तिने आईच्या गळ्यात हात टाकला आणि आपली युक्ती सांगितली. डाळ भिजवून ठेवायची. चुलीवर पाव तास खळखळ उकळायची. मग पातेले उतरवून अशा जागी कोंडायचे, जिथून ऊब बाहेर जाणारच नाही. बाकीचे डाळ स्वतःच करते, झोपेत.

काकांचे हात शिवशिवू लागले होते. दोन दिवसांत त्यांनी आम्हा अकरा फळ्यांची पेटी केली. आत भरायला काय घ्यायचे, याचा फार विचार करावा लागला नाही. कागद कापायच्या यंत्राखाली कातरणाचे ढीग पडलेले असत. पुस्तकांच्या कडा सारख्या करताना निघालेल्या त्या पट्ट्या, म्हणजे नुसता कोरा कागद. मावशीने जुन्या चादरींच्या उशा शिवल्या आणि त्यांत हे कातरण गच्च भरले. तळाला एक उशी, चारी बाजूंना चार आणि वरून झाकायला एक. मधोमध पातेल्यापुरती जागा. मित्रांनो, माझ्या पोटात अजूनही त्याच कडा आहेत. हजारो पुस्तकांच्या कडा, ज्यांवर कधी एक अक्षरही छापले गेले नाही. म्हणून मला गोष्टी सुचतात, असे मला आपले वाटते. जागा रिकामी असली की स्वप्ने येऊन बसतात.

पहिल्या दिवशी मावशीने डाळ उकळली, पातेले माझ्या पोटात ठेवले, वर उशी ठेवली आणि माझे झाकण लावले. चूल विझली. स्वयंपाकघरात इतकी शांतता पसरली की नळातून पडणारा थेंब ऐकू येऊ लागला. मावशी समोरच्या स्टुलावर बसली. मग उठली. मग तिने हळूच माझे झाकण उघडले.

त्या सकाळी तिने नऊ वेळा झाकण उघडले. प्रत्येक वेळी माझी ऊब वाफ होऊन तिच्या तोंडावरून निघून गेली. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा डाळ दाताखाली कचकच वाजत होती. शिलाई करणारे आबा कारखान्यात सगळ्यांत वयस्क होते. त्यांनी एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "मावशी, आज डाळीचीच डाळ शिजली नाही." सगळे हसले. मावशीही हसली, पण मग भांडी घासायला तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला बजावले की अजिबात बघायचे नाही. तरी सहा वेळा बघितलेच. तिचा हात तिला न विचारता झाकणाकडे जाई. तीस वर्षे त्या हाताने हेच केले होते. काकांनी विचारले तेव्हा ती अगदी रडवेली होऊन म्हणाली, "न बघता शिजलेलं मला खरंच वाटत नाही हो."

तिसऱ्या दिवशी काका आले. रंध्याला धार लावायचा दगड आणि चार पाती घेऊन ते सरळ माझ्या झाकणावर बसले. मावशीने विचारले, हे काय? ते म्हणाले, आज माझी कामाची जागा हीच. आणि ते धार लावत बसले. थोड्या वेळाने मावशी पदराला हात पुसत आली.

"अहो, उठा जरा. मीठ राहिलं."

काका गालातल्या गालात हसले आणि हलले नाहीत. असली निमित्ते ते तीस वर्षे ओळखून होते. मावशी आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा मिठाचेच नाव काढत. काका म्हणाले की मग उद्या घाल. शेवटी घंटा झाली, माणसे ताटे घेऊन उभी राहिली, तरी काका बसलेलेच.

"अहो, उठा आता," मावशी म्हणाली.

"शिजली का?"

"न बघता कसं सांगू?"

"न बघताच सांग. 'शिजली' म्हण, मग उठतो."

सगळे ऐकत होते. मावशी म्हणाली, अगदी अवघड जात असल्यासारखी, "शिजली."

काका उठले. झाकण उघडले, उशी काढली, आणि मी आतून जी वाफ सोडली, ती मला आजही आठवते. डाळ लोण्यासारखी मऊ झाली होती. आबांनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आबा म्हणाले, उत्तम आहे, पण मीठ कुठे आहे? मीठ खरेच राहिले होते. त्या दिवशी सगळ्यांनी वरून मीठ घेतले आणि काकांनी बायकोची माफी मागितली. माझ्या माहितीप्रमाणे ती पहिलीच.

पण मालकांनी अजून काही पाहिले नव्हते. महिना संपायच्या आदल्या दिवशी ते स्वतः जेवायला येणार होते, आणि नेमके त्याच दिवशी काकांना नव्या फळ्या आणायला बाहेर जावे लागले. जाताना ते नुसती माझ्या झाकणावर थाप मारून गेले. मावशीने डाळ उकळली, मीठ दोनदा चाखून पाहिले, पातेले माझ्यात ठेवले आणि झाकण लावले. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली. हात शिवशिवत होताच. शेवटी तिने एक मोठा श्वास घेतला आणि ती स्वतःच माझ्यावर बसली.

सकाळच्या वेळी त्या स्वयंपाकघरात मावशी टेकून बसली, असे तीस वर्षांत झाले नव्हते. माझी ऊब हळूहळू तिच्या अंगात चढली. पाठ भिंतीला टेकली. उंच खिडकीतले ऊन तिच्या पायांवरून सरकत गेले. आणि मावशीला झोप लागली.

ती वर झोपली, आत डाळ झोपली आणि मधल्या मधे मीही पेंगले. मित्रांनो, मसुराचे दाणे बोलतात, पण फक्त उबेत आणि अंधारात, आणि कुणी झाकण उघडले की लगेच चिडीचूप होतात. त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर बोलले. आम्ही गुडघ्यापर्यंतही वाढत नाही, ते सांगत होते. शेंगेत दोघेच असतो, पाठीला पाठ लावून. सकाळी दव पडते, ते आम्हाला पुष्कळ होते. मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्यांत डोळ्यांना न दिसणारे पाहुणे राहतात. आम्ही त्यांना गोड रस देतो, ते आम्हाला हवेतून खत काढून देतात. आम्ही गेल्यावर ते सारे मुळांबरोबर मातीत राहते, पुढच्या पिकाला. मग दाणे जरा ओशाळून म्हणाले, आम्ही अगदीच साळसूद नाही बरे का. आम्हाला चाळायला यंत्रे लागली, मालगाडीने लांबचा प्रवास झाला, त्याचा धूर आमच्याही नावावर आहे. पण इतका धूर आम्ही आणखी कुठे पाहिला नव्हता, जितका या बाईच्या डोळ्यांत पाहिला. आज तो नाही. आज आम्हाला शेतात असल्यासारखे वाटते आहे.

ते शेत मला दिसू लागले. माझ्या पोटातल्या कोऱ्या कडांवर एकेक रोप उगवत होते, बारीक पानांचे, निळसर पांढऱ्या फुलांचे. आणि मावशी त्या शेतातून चालली होती. तिच्या पावलांखाली माती नुसती दबत होती, लगेच पुन्हा वर येत होती.

घंटा झाली. माणसे ताटे घेऊन आली आणि दारातच थांबली. स्वयंपाकीणबाई पेटीवर गाढ झोपलेल्या. आबांनी ओठांवर बोट ठेवले. अठ्ठावीस माणसे भिंतीला लागून उभी राहिली, ताटांचा आवाज न करता. तेवढ्यात मालक आले. जेवण कुठे आहे, असे त्यांनी खुणेनेच विचारले. आबा त्यांच्या कानात म्हणाले, "मावशी त्याच्यावरच झोपल्यात."

मालकांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी घड्याळ पाहिले. विझलेली चूल पाहिली, स्वच्छ भिंत पाहिली, आणि मग मावशीकडे पाहत राहिले. नंतर ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि बाकीचे उभे होते म्हणून त्यांनाही खाली बसायची खूण केली.

"आबा," ते कुजबुजले, "काहीतरी ऐकू येत नाहीये. काय ते?"

आबांनी कान दिला. मग त्यांचे डोळे भरून आले. "मावशींचा खोकला," ते म्हणाले.

मावशी जागी झाली तेव्हा सगळे खोलीभर बसून तिच्याकडेच बघत होते. तिला वाटले, संपले सारे. ती धडपडत उठली. झाकण उघडायच्या आधी तिने दाराकडे पाहिले. काका आताच येऊन दाराशी टेकले होते, खांद्यावर नव्या फळ्या होत्या. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मावशी म्हणाली, "शिजली." आणि मगच तिने झाकण उघडले.

मालकांनी दोनदा डाळ घेतली. स्वयंपाकघर बंद झाले नाही.

पुढची वर्षे माझी सुखाची. झाकणावर कुणी ना कुणी बसलेच पाहिजे, अशी कारखान्याची रीतच पडली. खरे तर मावशीचा हात केव्हाच शहाणा झाला होता, पण त्या उबेची जागा सोडायला कुणी तयार नव्हते. ज्याची पाठ धरली असेल, ज्याचे घरी बिनसले असेल, जिचे दिवस भरत आले असतील, त्याला किंवा तिला मावशी म्हणायची, आज तू बस. मग ते माणूस आपली शिलाई घेऊन माझ्यावर येऊन बसे. त्यांची कितीतरी गुपिते माझ्यापाशी आहेत, पण ती मी सांगणार नाही. दुपारी मात्र काका पाच मिनिटे आधी येत, त्या माणसाला उठवत आणि स्वतः बसत. घंटा झाली की मावशी म्हणे, "अहो, उठा आता. शिजली." त्याशिवाय जेवण वाढले जात नसे.

लेक दर सुट्टीला येई आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूचा खडूचा जोडा पुसून नव्याने काढी. आधी टाच लहान झाली. मग मावशीने उष्ट्याच्या बादलीकडे मोर्चा वळवला. ताट शिगोशीग भरल्याशिवाय माया दिसत नाही, असे तिला वाटायचे. आता तिने लहान पळी घेतली आणि हवे तर पुन्हा या, म्हणू लागली. माणसे पुन्हा येत, चार शब्द जास्त बोलत, आणि बादलीचा तळ दिसू लागला. जोड्याचा पुढचा भागही आखडला. अंगणातला लाकडांचा ढीग इतका ओसरला की तिथे जागा झाली. मावशीने तिथे मूठभर मसूर पेरला. पीक आल्यावर तिने सवयीप्रमाणे रोपे मुळासकट उपटून जागा लख्ख करायला घेतली, तेव्हा लेक ओरडली, आई, वरून काप, मुळे राहू दे, खरा खाऊ तिथेच आहे. पुढच्या वर्षी त्याच मातीत भोपळ्याचा वेल असा माजला की तो मालकांच्या खिडकीत शिरला.

एकदा काकांनी माझे झाकण उलटे केले आणि पटाशी घेतली. लेकीने काढलेले ते चिमुकले पाऊल त्यांनी खडूच्या रेषेवरून आतल्या बाजूला कोरले. जोडा का नाही कोरत, असे मावशीने विचारले. काका म्हणाले, "तो कोरायचा नसतो. तो पुसायचा असतो."

मग एका वर्षी काका गेले. दोनच दिवसांचा ताप झाला. त्यानंतर मावशी एकदाच स्वयंपाकघरात आली. डाळ उकळली, माझ्यात ठेवली, झाकण लावले. दुपारी घंटा झाली. आबा म्हणाले, मावशी, उघडायची ना? मावशी झाकणासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी आबांनी झाकण उघडले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. लेकीने तिला आपल्या घरी नेले.

त्यानंतरचे दिवस मी थोडक्यात सांगते. कारखान्यात जेवणाची तयार खोकी येऊ लागली. अर्धे खायचे, अर्धे बादलीत जायचे, आणि खोकीही बादलीत. मला दाराजवळ नेऊन ठेवले आणि माझ्यात जोडे ठेवू लागले. जिथे डाळ निजायची तिथे जोडे, मित्रांनो. लेकीने काढलेला तो मोठा जोडा आता खरोखरच येऊन बसला, असे मला वाटले. मला राग नाही आला. वाईट मात्र फार वाटले.

शेवटी कारखाना दुसरीकडे हलवायचे ठरले. जुने लाकूड वेगळे काढले, त्यात मीही होते. जाळायला जाईल, असे कुणीतरी म्हणाले. जिने इतकी लाकडे वाचवली, ती स्वतःच चुलीत जाणार, या विचाराने मला हसू आले, आणि रडूही. तेवढ्यात मालक आले. ते आता काठी टेकत चालत. त्यांनी जोडे बाहेर काढायला लावले, झाकण उलटे केले आणि ते कोरलेले पाऊल त्यांना दिसले. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. म्हणाले, "ही जाळली तर मावशी मला काय म्हणतील?" आणि त्यांनी लेकीला निरोप पाठवला.

अशी मी इथे आले, या माती तपासायच्या प्रयोगशाळेत. तुम्ही आज सकाळी काचेच्या नळ्यांत माती पाहिलीत, मुळांवरच्या गाठी भिंगातून पाहिल्यात, आणि पाय दुखले म्हणून माझ्यावर येऊन बसलात. आता अटीचे कारण सांगते. ही गोष्ट मी उगाच लांबवली नाही. तुमच्याखाली सकाळपासून डाळ निजली आहे. तुम्ही बसून राहिलात, म्हणून कुणी झाकण उघडले नाही, आणि म्हणून तिचे स्वप्न पुरे झाले.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. ताटात आधी थोडेच घ्या, आणि आवडले तर पुन्हा या. ती एवढेसे पाऊल टाकत इथवर आली आहे, तिला मोठा जोडा घालू नका.

तिकडे दार वाजले, ऐकलेत? मावशी आली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत, पण श्वास बघा कसा निवांत चालतो. तुम्ही मुले आलात की ती अजून स्वतः वाढायला येते. ती माझ्यासमोर उभी राहून काहीतरी म्हणेल आणि तुम्हाला वाटेल, ती तुम्हालाच उठवते आहे. उठा खुशाल आणि बाजूला व्हा. पण जाऊ नका, क्षणभर थांबा. माझे झाकण रिकामे झाले तरी ती लगेच उघडणार नाही. त्या रिकाम्या झाकणावर ती हात ठेवेल आणि नेहमीसारखेच, हळू आवाजात म्हणेल,

"अहो, उठा आता. शिजली."